राजा कधी गेला, राज्य कधी बदलले? भंडाऱ्याची सत्त्याण्णव वर्षे

१/ मार्च १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने नागपूरचे भोसले राज्य खालसा केले. भंडारा परगण्यावरची राजसत्ता त्यानंतर परत आली नाही. त्यासाठी लढाई झाली नाही, वाड्यावर जमाव चालून गेला नाही, कोणी जाहीरनामा वाचून प्रजासत्ताकाची घोषणा केली नाही. कलकत्त्याहून निघालेल्या एका निर्णयाने एक राज्य संपले. इतिहासप्रेमी तरुणांना ही तारीख पाठ असते.

२/ दुसरी तारीख मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ३१ मार्च १९५१. त्या दिवशी मध्य प्रदेशातील मालगुजारी आणि जमीनदारी कायद्याने संपुष्टात आली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. या धाग्याचे म्हणणे असे की, भंडाऱ्यात राज्य खऱ्या अर्थाने बदलले ते या दुसऱ्या तारखेला, आणि तेही अर्धेच.

३/ आधी थोडे मागे जावे लागेल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वैनगंगेच्या या खोऱ्यावर देवगडच्या गोंड राजांची सत्ता होती. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा कलह पेटला. राणीने रघुजी भोसल्यांना मदतीस बोलावले.  १७४३ च्या सुमारास देवगडचे राज्य त्यांच्या हाती आले.

४/ रघुजींनी गोंड राजाला मारले नाही, हाकलूनही दिले नाही. बुऱ्हाणशहाला नागपुरात राजा म्हणून ठेवले, नेमणूक बांधून दिली, मान दिला आणि कारभार स्वतःकडे घेतला. सिंहासन रिकामे न करता त्यातली सत्ता काढून घेण्याचा हा प्रकार होता. पुढे पाऊणशे वर्षांनी इंग्रजांनी भोसल्यांच्या बाबतीत नेमके हेच केले.

५/ १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघुजींच्या हातून कटक आणि वऱ्हाड गेले. १८१६ मध्ये ते वारले. त्यांचा मुलगा परसोजी कारभारास असमर्थ असल्याने मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब राज्य पाहू लागले. त्याच वर्षी त्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. १८१७ च्या आरंभी परसोजी मृतावस्थेत सापडले आणि आप्पासाहेब गादीवर बसले.

६/ नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. आप्पासाहेब शरण आले, पुन्हा गादीवर बसवले गेले, मार्च १८१८ मध्ये कैद झाले आणि मे महिन्यात पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरातल्या गोंडांनी त्यांना आसरा दिला. पुढे पंजाबपर्यंत भटकंती करून अखेर १८४० मध्ये जोधपूरला त्यांचा अंत झाला.

७/ आता भंडाऱ्याकडे. राजा पळाला, पण त्याच्या नावाने या परगण्यात काही काळ झुंज चालली. कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल कंपनीविरुद्ध उभा राहिला. (हा कामठा आज गोंदिया जिल्ह्यात आहे, नागपूरजवळची कामठी वेगळी.) कंपनीच्या फौजेने कामठा घेतला. वैनगंगेकाठच्या पवनीचा किल्लाही १८१८ मध्येच हल्ला करून घेण्यात आला.

८/ या बंडाचा परिणाम मोठा मासलेवाईक आहे. जमीनदारी रद्द झाली नाही, जमीनदार बदलला. कामठा पुढे लोधी घराण्याकडे गेला. कारभार पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचे ठाणे आधी कामठ्यालाच होते, ते १८२०-२१ च्या सुमारास भंडाऱ्याला हलले. भंडारा हे जिल्ह्याचे ठिकाण झाले ते अशा रीतीने, एका फसलेल्या उठावाच्या पाठोपाठ.

९/ नागपूरच्या गादीवर कंपनीने दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा बसवला. तो तिसरा रघुजी. राजवाड्याची व्यवस्था बाकाबाईंकडे आणि राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सकडे. बुऱ्हाणशहा जिथे होता, तिथे आता भोसले होते. १८३० पर्यंत मुलूख टप्प्याटप्प्याने राजाकडे परत आला, तरी शेवटचा शब्द रेसिडेंटचाच राहिला.

१०/ ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारला. खुद्द रेसिडेंट मॅन्सेलचे मत याच्या विरुद्ध होते. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील कर्नल लो यानेही लेखी असहमती नोंदवली. राज्य घेण्याची कारणे मांडताना डलहौसीने या प्रदेशातील कापसाचाही उल्लेख केला होता. वाड्यातले जडजवाहीर बाहेर निघाले, त्याचा लिलाव झाला.

११/ हा उघड अन्याय होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. मित्रराज्य म्हणून ज्यांच्याशी तह केले, त्यांचेच राज्य वारस नाही या सबबीवर गिळंकृत करणे कोणत्याही न्यायाला धरून नव्हते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक भेद करायला हवा. राजावर झालेला अन्याय आणि रयतेच्या स्थितीत झालेला बदल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिल्याचा शोक करताना दुसरीचा हिशेब राहून जातो.

१२/ १८१८ मध्ये कामठा उठला. १८५४ मध्ये भंडारा शांत राहिला. हा फरक का पडला? भक्ती आटली, असे सोपे उत्तर देता येईल. अधिक पटणारे उत्तर असे की, १८१८ मध्ये लढणाऱ्याला गमवायला जमीनदारी होती आणि डोंगरात एक जिवंत राजा होता. १८५४ पर्यंत फौज कंपनीच्या मुठीत गेली होती आणि रयतेच्या दृष्टीने कारभार छत्तीस वर्षांपूर्वीच परक्यांच्या सल्ल्याने चालू लागला होता.

१३/ १८५७ मध्ये नागपुरात उठावाची तयारी झाली, ती फसली. बाकाबाईंनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध न जाण्याची ताकीद दिली. शेजारच्या चांदा भागात बाबुराव शेडमाके लढले आणि ऑक्टोबर १८५८ मध्ये फासावर गेले. राजघराणे गप्प बसले आणि गोंड तरुणाने शस्त्र उचलले, या विरोधात बरेच काही सांगून जाणारे आहे. पुढे दत्तक जानोजींना ‘राजे बहादूर’ हा किताब आणि पेन्शन मिळाले.

१४/ आता खरा प्रश्न. राजा गेल्यावर गावात काय बदलले? भोसल्यांच्या काळात पाटील हा साऱ्याचा मक्ता घेणारा माणूस होता. गावाचा सारा तो ठरवून घेई, वसूल करी आणि भरी. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. मक्ता दुसऱ्याला देता येत असे. जुलूम करणारे पाटील होतेच, पण कायद्याने ते कोणत्याही शेताचे धनी नव्हते.

१५/ १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्याच दशकात जमिनीचा बंदोबस्त झाला. सरकारला प्रत्येक गावासाठी एक जबाबदार मालक हवा होता. मग कालच्या मक्तेदाराला मालकी हक्क बहाल झाला आणि त्याचे नाव ‘मालगुजार’ झाले. कुळांच्या काही वर्गांना संरक्षण मिळाले हे खरे. तरी गावातील पडीक जमीन, झाडझाडोरा आणि तलाव एका व्यक्तीच्या नावावर चढले.

१६/ म्हणजे १८५४ मध्ये नागपूरचा एक राजा गेला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगाव एकेक छोटा राजा कायद्याने उभा राहिला. त्याची गादी वंशपरंपरेने चाले, त्याच्या शेतावर बेगार राबवली जाई, त्याच्या शब्दावर गावातले तंटे मिटत किंवा पेटत. राजसत्तेच्या अंतानंतर भंडाऱ्याच्या कास्तकाराला जे मिळाले, ते हे.

१७/ भंडाऱ्यात या बदलाचा सर्वांत स्पष्ट साक्षीदार तलाव आहे. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून येथे तलाव बांधले. तलाव बांधणाऱ्याला गाव वसवण्याचा अधिकार मिळे. नवेगाव बांधचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. उतारावर मातीची पाळ घालायची, वरचे पाणी अडवायचे आणि मोरीतून खालच्या बांध्यांना सोडायचे, अशी ही रचना.

१८/ असा तलाव एकट्याचा असूच शकत नाही. पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती चढवावी लागते, सांडवा मोकळा ठेवावा लागतो, धानाच्या ऐन गरजेच्या वेळी कोणाच्या बांधीत आधी पाणी जाईल याचा क्रम ठरवावा लागतो. त्याच पाण्यावर गुरे येतात, ढिवर मासे आणि शिंगाडे काढतात. गावाची अर्धी राज्यघटना तलावाच्या पाळीवर लिहिलेली असते.

१९/ बंदोबस्ताच्या वेळी इंग्रजांनी या रीतीभाती कागदावर उतरवल्या. त्या कागदाला ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणतात. गावकऱ्यांना जंगलातून काय आणता येईल, गुरे कुठे चारता येतील, तलावाचे पाणी कोणाला मिळेल, हे ‘निस्ताराचे’ हक्क त्यात नोंदवले गेले. मालकी मालगुजाराची आणि वापर गावाचा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. त्यातून भांडणेही उपजली आणि थोडे संरक्षणही मिळाले.

२०/ येथे फ्रान्सची आठवण उपयोगी पडते. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री तेथील राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द झाल्याचे घोषित केले. प्रत्यक्षात शेतकऱ्याला अनेक देणी पैसे मोजून सोडवून घ्यायची होती. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, आणि त्याच वर्षीच्या १७ जुलैला उरलेली सरंजामी देणी भरपाईशिवाय रद्द झाली. राजा आणि सरंजामी देणी यांच्या अंतात सहा महिन्यांचे अंतर होते.

२१/ भंडाऱ्यात हे अंतर सत्त्याण्णव वर्षांचे आहे. फ्रान्समध्ये शेतकऱ्यांनी वाड्यांतले दस्तऐवज जाळले, त्या रेट्याने कायदा पुढे सरकला. येथे राजाला परकीय सत्तेने बाजूला केले; तिला मध्यस्थ हवेच होते. म्हणून त्याला क्रांती म्हणता येत नाही. मात्र ‘राजा गेला तरच क्रांती’ ही समजूत सोडली, तर १९५१ कडे नीट पाहता येते.

२२/ मधल्या काळातील चळवळींनीही एक गोष्ट ठरवून टाकली होती. ऑगस्ट १९४२ मध्ये तुमसरला मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसे मेली. ती माणसे भोसल्यांची गादी परत आणण्यासाठी रस्त्यावर उतरली नव्हती. १८१८ च्या कामठ्यात लढाई एका राजाच्या नावाने झाली होती. तुमसरमध्ये ती तिरंग्याखाली झाली. सव्वाशे वर्षांत याच मातीत राजनिष्ठेची जागा नागरिकत्वाने घेतली.

२३/ मध्य प्रदेश विधिमंडळाने १९५० मध्ये मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला. जमीनदार न्यायालयात गेले. चांदा जिल्ह्यातील अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव यांची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. दरम्यान, जून १९५१ मध्ये संविधानात पहिली दुरुस्ती होऊन अशा कायद्यांना कवच मिळाले. १९५२ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. न गिलोटिन, न बंदूक. एका खटल्याच्या निकालाने मालगुजारीचा शेवट पक्का झाला.

२४/ या क्रांतीला मर्यादा होत्या. मालगुजारांना भरपाई मिळाली. घरच्या शेतीची, म्हणजे सीर आणि खुदकाश्त, जमीन त्यांच्याकडेच राहिली, आणि ती बहुधा तलावाखालची चांगली जमीन होती. जो भूमिहीन कोणाच्याही नोंदीत कूळ नव्हता, त्याच्या हाती या कायद्याने काही पडले नाही. गावातला मान आणि जातीची उतरंड तर कायद्याच्या कक्षेबाहेरच होती.

२५/ आणि तलाव? बहुतेक तलाव सरकारजमा झाले. लोक त्यांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात. माजी मालगुजारी तलाव याचे ते लघुरूप. मालगुजाराचा धाक गेला, त्याच्याबरोबर पाळीवर माती टाकण्याचा शिरस्ताही गेला. दुरुस्तीचा अधिकार गावाकडे येण्याऐवजी कार्यालयांकडे गेला. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली, काठावर अतिक्रमणे झाली.

२६/ यावरून काही जण घाईने निष्कर्ष काढतात की, मालगुजारच बरे होते. हा युक्तिवाद ‘राजेशाहीच बरी होती’ या युक्तिवादाचा धाकटा भाऊ आहे. पाळ भक्कम होती हे खरे, पण ती बांधणाऱ्या हातांना नाही म्हणण्याची सोय किती होती, हेही विचारले पाहिजे. दुरुस्त तलाव आणि मोकळी माणसे यांपैकी एकच निवडावे लागेल, हे गृहीतच चुकीचे आहे.

२७/ दोष मालगुजारी मोडण्यात नव्हता. ती मोडल्यावर तिची जागा कोणी घ्यावी, याचा विचार अपुरा पडला. बुऱ्हाणशहाच्या जागी भोसले आले, भोसल्यांच्या जागी कंपनी, मालगुजाराच्या जागी खाते. प्रत्येक वेळी वरचा धनी बदलला. गावाने स्वतः धनी व्हावे, ही पायरी १९५१ मध्येही गाळली गेली. अर्धी क्रांती म्हणायचे ते एवढ्यासाठी.

२८/ खालशानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा आठ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. ज्यांनी या मतदारांच्या हाती मत दिले, त्यांनाच मतदारांनी परत पाठवले.

२९/ त्या पराभवाची हळहळ आजही वाटते आणि ती योग्य आहे. पण १८५४ आणि १९५४ शेजारी ठेवून पाहावे. शंभर वर्षांपूर्वी भंडाऱ्याचे भवितव्य कलकत्त्यात ठरले आणि येथील एकाही माणसाला विचारले गेले नाही. शंभर वर्षांनी कूळ, माजी मालगुजार, विणकर आणि मजूर एकाच रांगेत उभे राहिले, आणि देशातील सर्वांत थोर विधिज्ञालाही त्यांच्या कौलापुढे थांबावे लागले.

३०/ २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन इशारे दिले होते. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा एक. राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता फार काळ एकत्र नांदू शकणार नाहीत, हा दुसरा. भंडाऱ्याच्या मामा तलावांच्या काठी दुसरा इशारा अजून खरा आहे. पहिल्याची गरज तर इतिहासाची आवड असणाऱ्यांनाच अधिक.

३१/ कारण राजांच्या इतिहासात एक मोह असतो. तलवारी, तख्त, फितुरी, शेवटची लढाई हे सारे डोळ्यांसमोर उभे राहते. साऱ्याचा दर, कुळाचा वर्ग, पाण्याची पाळी यांत तसा रंग नाही. तरीही बहुसंख्य वाचकांचे पूर्वज पहिल्या चित्रात कुठेच नव्हते. ते दुसऱ्यात होते. १८५४ चा शोक अवश्य करावा, पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे स्वतःच्याच पणजोबांना इतिहासातून वगळणे होय.

३२/ अर्ध्या राहिलेल्या कामाची दिशा शेजारीच दिसते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने आपल्या जुन्या निस्तार हक्कांसाठी दीर्घ लढा दिला, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना झाली. भंडारा-गोंदियात ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी काही तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. राजाही नाही, मालगुजारही नाही. ग्रामसभा कारभार करते आहे.

३३/ नेपाळने २८ मे २००८ रोजी संविधान सभेच्या पहिल्याच बैठकीत राजेशाही संपवली. एका बैठकीत राजा जाऊ शकतो, हे त्यातून दिसले. त्यानंतर गावातल्या पाण्याचा आणि जमिनीचा निर्णय कोण घेतो, ही बैठक मात्र वर्षानुवर्षे चालते. भंडाऱ्यात ती १९५१ मध्ये सुरू झाली आणि तहकूब होऊन पडली आहे. माजी मालगुजारी तलावांचा कारभार ग्रामसभांकडे सोपवणे, हे तिच्यापुढचे पहिले काम.

३४/ ज्यांना हा इतिहास पुस्तकाबाहेर पाहायचा आहे, त्यांनी एक गोष्ट करावी. आपल्या गावाचा वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक कुठे मिळेल, याची तहसील कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात चौकशी करावी. कागद मिळाला तर गावातील वडीलधाऱ्यांसमोर तो मोठ्याने वाचावा. तलावाचे पाणी कोणाचे, पाळ कोणी बांधायची, मासे कोणाचे, हे त्यात लिहिलेले असेल. मग तलावावर जाऊन त्यातले काय उरले आहे ते पाहावे.

(धागा समाप्त)